गोळा करण्याआधी घेणारा शोधा : चक्रीय अर्थव्यवस्थेचा छोटा उपक्रम कसा उभारावा

एखाद्या वसाहतीत, शाळेत, कार्यालयात किंवा कारखान्यात कचरा कमी करण्याचे ठरले की बहुतेक ठिकाणी पहिले काम होते ते रंगीत डबे विकत आणण्याचे. डबे येतात, त्यांवर चिठ्ठ्या लागतात, लोक उत्साहाने कचरा वेगळा करू लागतात आणि काही आठवड्यांनी वेगळा केलेला सगळा माल पुन्हा एकाच गाडीत रिकामा होतो. ते एकदा लोकांच्या नजरेस पडले की त्यांना दुसऱ्यांदा कामाला लावणे फार अवघड जाते. म्हणून या लेखात उलटा क्रम सुचवला आहे. आधी तो माल कोणाला, कोणत्या स्वरूपात आणि किती प्रमाणात हवा आहे हे शोधायचे, मग तो त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था आखायची आणि डबे सर्वांत शेवटी घ्यायचे.

कामाला लागण्यापूर्वी : कोणते चक्र आधी?

चक्रीय अर्थव्यवस्था म्हणजे वस्तू आणि पदार्थ टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात फिरते ठेवण्याची पद्धत. हे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुनर्प्रक्रिया येते, म्हणजे वस्तू वितळवून, दळून किंवा लगदा करून तिच्यातून नवा कच्चा माल काढणे. प्रत्यक्षात ती शेवटच्या पायऱ्यांपैकी एक आहे. नेदरलँड्सच्या संसदेत १९७९ मध्ये आड लान्सिंक या सदस्याने कचऱ्याच्या उपायांची एक उतरंड मांडली होती. तिच्यात कचरा टाळणे सर्वांत वर, त्याखाली वस्तूचा पुनर्वापर, त्याखाली पुनर्प्रक्रिया, मग जाळून ऊर्जा मिळवणे आणि सर्वांत खाली जमिनीत पुरणे असा क्रम होता. पुढे अनेक देशांच्या कचराविषयक कायद्यांमध्ये हाच क्रम थोड्याफार फरकाने आला. आता पुनर्वापर आणि पुनर्प्रक्रिया यांच्यामध्ये दुरुस्ती, नूतनीकरण आणि सुटे भाग काढून वापरणे या पायऱ्याही धरल्या जातात.

या क्रमामागे केवळ सद्भावना नाही, हिशेब आहे. वॉल्टर स्टाहेल आणि जेनेव्हिएव्ह रेडे या संशोधकांनी १९७६ मध्ये युरोपीय आयोगासाठी एक अहवाल तयार केला होता. उद्योगांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा पोलाद, सिमेंट यांसारखे मूळ पदार्थ मिळवण्यात खर्च होते आणि त्या पदार्थांपासून वस्तू घडवण्यात जेमतेम एक चतुर्थांश. मनुष्यबळाचे प्रमाण मात्र याच्या उलट असते, असे त्यांचे निरीक्षण होते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की तयार वस्तू तशीच वापरात ठेवली तर मूळ पदार्थात गेलेली ऊर्जा आणि घडवण्यात गेलेले श्रम दोन्ही वाचतात. वस्तू वितळवली तर श्रम पूर्णपणे वाया जातात आणि ऊर्जेचा काही भाग तेवढा हाती राहतो.

तो भाग किती राहतो हे पदार्थागणिक बदलते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तो मोठा आहे, कारण खनिजापासून धातू काढण्याच्या तुलनेत भंगारातून धातू मिळवताना सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. कागदाचे तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतात आणि साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर निकामी ठरतात. प्लास्टिकची स्थिती सर्वांत निराशाजनक आहे, कारण २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी केवळ सुमारे ९ टक्के कचऱ्यावर पुनर्प्रक्रिया झाली होती. तेव्हा ॲल्युमिनियमचा डबा वितळायला पाठवणे हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो, पण प्लास्टिकची भक्कम बादली वितळायला पाठवणे क्वचितच तसा असतो.

पायरी १ : कचरा उघडून पाहणे

कोणत्या प्रकारचा कचरा जास्त होतो याबद्दल प्रत्येकाचा काही तरी अंदाज असतो आणि तो बहुधा डोळ्यांना जे जास्त दिसते त्यावर बेतलेला असतो. रिकाम्या बाटल्या जागा खूप व्यापतात, म्हणून त्या जास्त वाटतात. ओला कचरा दबून बसतो, म्हणून तो कमी वाटतो. हा गैरसमज काट्यावर वजन केल्याशिवाय दूर होत नाही.

सलग सात दिवसांचा कचरा तपासावा. एकाच दिवसाची तपासणी फसवी ठरते, कारण सुट्टी, साफसफाई, मालाची आवक अशा कारणांनी दिवसागणिक कचऱ्याचे स्वरूप बदलते. मोकळ्या, हवेशीर जागी ताडपत्री अंथरावी, जाड हातमोजे आणि बंद पादत्राणे घालावीत आणि कचरा हाताने चाचपण्याऐवजी चिमट्याने पसरावा, कारण सुया आणि काचा कुठे लपल्या असतील हे सांगता येत नाही. ओला कचरा, कागद आणि पुठ्ठा, प्लास्टिक, काच, धातू, कापड, विजेवर चालणाऱ्या वस्तू, घातक पदार्थ आणि उरलेले सर्व, एवढे ढीग सुरुवातीला पुरतात. प्रत्येक ढिगाचे वजन लिहावे आणि अंदाजे आकारमानही लिहावे, कारण वाहतुकीचा खर्च पुष्कळदा वजनापेक्षा आकारमानावर ठरतो.

वजनाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवावा आणि त्याला ‘का टाकले?’ असे नाव द्यावे. माझ्या मते संपूर्ण तपासणीतला हा सर्वांत मोलाचा रकाना असतो. खुर्चीचे एक चाक तुटले म्हणून खुर्ची टाकली, छापताना पहिली प्रत नेहमी वाकडी येते म्हणून रोज कागद वाया जातो, पुरवठादार प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत गुंडाळून पाठवतो म्हणून पिशव्या साठतात, अशा नोंदी वाचल्या की लक्षात येते, की निम्मे प्रश्न कचऱ्याचे नसून खरेदीचे, देखभालीचे किंवा सवयीचे आहेत. छपाईयंत्र नीट लावून घेतले तर त्या कागदासाठी पुनर्प्रक्रियेची व्यवस्था करावीच लागत नाही.

पायरी २ : एकच प्रवाह निवडणे

तपासणीनंतर सगळेच एकदम सुरू करण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि एकाच प्रकारच्या मालापासून, म्हणजे एकाच प्रवाहापासून, सुरुवात करावी. निवडताना चार गोष्टी पाहाव्यात: तो माल नियमितपणे आणि बऱ्यापैकी एकसारखा निघतो का, तो स्वच्छ ठेवणे सोपे आहे का, त्याला घेणारा आवाक्यातल्या अंतरावर आहे का आणि तो हाताळताना कोणाला इजा होण्याचा धोका आहे का. वजनाने सर्वांत मोठा असलेला ढीगच पहिला निवडावा असा नियम नाही. पहिला प्रवाह असा असावा की जो दोन-तीन महिन्यांत सुरळीत चालताना लोकांना दिसेल.

पायरी ३ : घेणारा शोधणे आणि त्याच्या अटी समजून घेणे

संपूर्ण उपक्रमाचा कस लागतो तो याच पायरीवर. वेगळा केलेला माल आणि कच्चा माल यांत एकच फरक असतो, तो म्हणजे त्याची वाट पाहणारे कोणी तरी असणे. जपानमधील कामिकात्सु या छोट्या गावाने २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा संकल्प जाहीर केला आणि तेथील रहिवासी आता आपला कचरा स्वतः केंद्रावर आणून सुमारे ४५ प्रकारांत वेगळा करतात. या आकड्याचे सर्वत्र कौतुक होते. मला मात्र त्या केंद्रावरची दुसरी एक गोष्ट अधिक शिकण्यासारखी वाटते. तेथे प्रत्येक प्रकाराच्या डब्यापाशी तो माल कुठे जातो, त्याचे काय होते आणि त्यासाठी गावाला किती खर्च येतो किंवा किती उत्पन्न मिळते, हे लिहिलेले असते. म्हणजे ते प्रकार घेणाऱ्यांच्या गरजेवरून ठरलेले आहेत, कोणाच्या कल्पनेतून नव्हे. आपल्या उपक्रमातही जितके घेणारे निश्चित झाले असतील तितकेच प्रकार ठेवावेत.

घेणाऱ्याला प्रत्यक्ष भेटावे आणि शक्य असेल तर त्याची जागा पाहावी. माल कोणत्या स्वरूपात हवा, सुटा की गासडी बांधून, एका वेळी किमान किती हवा, किती ओलावा चालतो, कोणती भेसळ मुळीच चालत नाही, वाहतूक कोणी करायची, दर घसरल्यास काय करायचे आणि त्याच्याकडून हा माल पुढे कुठे जातो, एवढे प्रश्न विचारल्याशिवाय परतू नये. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर मिळाले तर तो घेणारा सोडून दिलेला बरा, कारण कागदोपत्री पुनर्प्रक्रियेला गेलेला माल प्रत्यक्षात उघड्यावर जळत असण्याची शक्यता असते.

भेसळीचा मुद्दा नवख्या माणसाला किरकोळ वाटतो, म्हणून काही उदाहरणे देतो. शीतपेयांच्या बाटल्या ज्या पेट प्लास्टिकच्या असतात त्यात पीव्हीसी या दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकचे थोडेसे तुकडे जरी मिसळले, तरी पेट वितळण्याच्या तापमानाला पीव्हीसीचे विघटन होऊन आम्ल तयार होते आणि संपूर्ण घाणा खराब होतो. दोन्हींची घनता जवळजवळ सारखी असल्यामुळे पाण्यात बुडवून ती वेगळीही करता येत नाहीत. याउलट त्याच बाटल्यांची टोपणे पाण्यावर तरंगतात आणि सहज वेगळी होतात. त्यामुळे टोपणे काढून द्यायची की लावूनच द्यायची, हे घेणाऱ्याला विचारून ठरवावे. काचेच्या बाटल्यांमध्ये चिनी मातीच्या कपाचा तुकडा गेला तर तो भट्टीत वितळत नाही आणि नव्या बाटलीत खड्यासारखा राहून जातो. उष्णतारोधक काचेची भांडी आणि खिडक्यांची काच यांची रासायनिक घडण बाटल्यांच्या काचेपेक्षा वेगळी असते, म्हणून तीही त्यात चालत नाहीत. तेलकट पुठ्ठा आणि उष्णतेने छापल्या जाणाऱ्या गुळगुळीत पावत्या कागदाच्या रद्दीत टाकू नयेत. पेयांची खोकी वरून कागदी दिसत असली तरी त्यांत प्लास्टिकचे आणि पुष्कळदा ॲल्युमिनियमचेही थर असतात आणि ती घेणारे कारखाने वेगळे असतात.

प्लास्टिकवरील त्रिकोणात लिहिलेल्या १ ते ७ या आकड्यांबद्दलही सावध राहावे. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केली. आकडा केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतो. त्या वस्तूवर पुनर्प्रक्रिया होईलच असे आश्वासन त्यात नसते. ‘विघटनशील’ असे छापलेल्या पिशव्या आणि पेले यांच्याबाबतीतही तेच. त्यांतील बरेचसे पदार्थ औद्योगिक खतप्रकल्पातल्या ५५ ते ६० अंश तापमानातच कुजतात, कुंडीतल्या किंवा परसातल्या खतात ते वर्षभर जसेच्या तसे राहतात आणि नेहमीच्या प्लास्टिकमध्ये गेले तर तोही माल बिघडवतात.

पायरी ४ : सर्वांत लहान फेरी आधी फिरवणे

माल दूरवर पाठवण्यापूर्वी तो जागच्या जागी वापरात राहू शकतो का हे पाहावे. येथे दुरुस्तीची बैठक हा सर्वांत कमी भांडवलात सुरू होणारा आणि लोकांना सर्वांत लवकर पटणारा प्रकार आहे. मार्टिन पोस्टमा या डच पत्रकार महिलेने २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला आणि ही कल्पना पुढे अनेक देशांत पसरली. तिचे एक वैशिष्ट्य सुरुवातीपासून सांभाळावे: वस्तू सोडून जायचे नाही. मालकाने दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी बसायचे, स्क्रू काढायला मदत करायची आणि बिघाड कुठे होता हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. यामुळे बैठकीचे रूपांतर फुकटच्या दुकानात होत नाही, व्यावसायिक कारागिरांच्या पोटावर पाय येत नाही आणि पुढच्या वेळी तो माणूस किरकोळ बिघाड घरीच सोडवतो.

महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, तीन-चार तासांची बैठक पुरेशी होते. विजेच्या वस्तूंसाठी दोन, शिवणकामासाठी एक, लाकूडकाम आणि किरकोळ यांत्रिक कामासाठी एक असे जाणकार मिळाले की सुरुवात करता येते. मल्टिमीटर, विविध तोंडांचे स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंगची इस्त्री, शिवणयंत्र, पकडी, चिकटद्रव्ये आणि सुट्या भागांचा एक डबा एवढे साहित्य लागते. वस्तू आली की तिची नोंद करावी: प्रकार, अंदाजे वय, तक्रार, सापडलेला बिघाड आणि निकाल. दुरुस्त न झालेल्या वस्तूंच्या नोंदी तर आवर्जून ठेवाव्यात, कारण कोणत्या प्रकारच्या वस्तू उघडतच नाहीत आणि कोणत्या वस्तूंचे सुटे भाग मिळतच नाहीत हे त्यांवरून कळते आणि पुढच्या खरेदीच्या वेळी ही माहिती उपयोगी पडते.

सुरक्षिततेच्या बाबतीत भिडस्तपणा करू नये. मायक्रोवेव्ह ओव्हनमधील कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही घातक विद्युतभार धरून ठेवू शकतो, म्हणून प्रशिक्षित माणूस नसेल तर ती वस्तू उघडायचीच नाही. फुगलेली लिथियम बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. ती जळाऊ वस्तूंपासून दूर, वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवून अधिकृत संकलनाकडे सोपवावी. दुरुस्त झालेली विजेची प्रत्येक वस्तू परत देण्यापूर्वी तिचे आवरण आणि वायरींचे विद्युतरोधन तपासावे. अपघातात सापडलेले हेल्मेट, मुलांची मोटारीतील आसने, गॅसच्या नळ्या अशा जिवाशी संबंधित वस्तू दुरुस्तीलाही घेऊ नयेत आणि पुनर्वापरालाही देऊ नयेत.

याच जागेत अवजारांचे सामायिक कपाट ठेवता येते. भिंतीला भोके पाडण्याचे यंत्र, उंच शिडी, पाण्याच्या दाबाने धुण्याचे यंत्र यांसारख्या वस्तू वर्षातून चार-दोन वेळा लागतात आणि तरीही घरोघरी असतात. मात्र कपाटाला एक जबाबदार माणूस, नोंदवही आणि परत आलेली वस्तू चालवून पाहण्याची शिस्त लागते. ही शिस्त नसेल तर कपाट मोडक्या वस्तूंचे गोदाम होते.

परत येणाऱ्या भांड्यांची आणि डब्यांची योजना करायची असेल तर थोडे गणित आधी करावे. प्रत्येक फेरीत १०० पैकी ९० डबे परत येत असतील तर एक डबा सरासरी १० वेळा वापरला जातो. ९५ परत आले तर २० वेळा आणि ९८ परत आले तर ५० वेळा. परतीचे प्रमाण काही टक्क्यांनी वाढवले तर डब्याचे आयुष्य कित्येक पटींनी वाढते, म्हणून अशा योजनेत डबा किती मजबूत आहे यापेक्षा तो परत आणणे किती सोपे आहे याला जास्त महत्त्व असते. अनामत रक्कम हा त्यासाठीचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. जर्मनीने २००३ पासून एकदाच वापरायच्या पेयपात्रांवरही सक्तीची अनामत रक्कम लावली आणि तेथे अनामत असलेल्या बाटल्या व डबे परत येण्याचे प्रमाण ९८ टक्क्यांच्या आसपास आहे. अनामत इतकी असावी की परत करायला चालत जावेसे वाटेल, पण इतकी नसावी की सुरुवातीलाच लोक पाठ फिरवतील. डबे एकाच आकाराचे, एकात एक बसणारे आणि धुवायला सोपे निवडावेत. धुण्याची जागा, पाणी आणि वाळवण्याची सोय यांचा विचार डबे घेण्यापूर्वी करावा.

ओल्या कचऱ्याची सर्वांत लहान फेरी म्हणजे जागेवरच खत. कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ असे राहिले तर कुजण्याची क्रिया चांगली चालते. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात नत्र तुलनेने जास्त असते, म्हणून त्यात वाळका पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा फाडलेला साधा पुठ्ठा मिसळावा लागतो. मूठभर मिश्रण घट्ट पिळल्यावर एक-दोन थेंब पाणी आले तर ओलावा योग्य आहे. धार लागली तर कोरडा माल घालावा. दुर्गंधी आली तर ढिगात हवा कमी पडते आहे किंवा ओला माल जास्त झाला आहे असे समजून ढीग परतावा. मोठ्या ढिगाचे तापमान सलग किमान तीन दिवस ५५ अंशांवर टिकले तर बहुतेक रोगजंतू आणि तणांचे बी मरते. छोट्या कुंडीत ही उष्णता निर्माण होत नाही, म्हणून कुंडीत रोगट झाडांचे अवशेष टाकू नयेत. आणि तयार खत घेणारे कोण, हाही प्रश्न आधीच सोडवून ठेवावा, कारण जिथे माती नाही तिथे खताचाही कचराच होतो.

पायरी ५ : शेजाऱ्याशी देवाणघेवाण

कारखाने, कार्यशाळा किंवा मोठ्या संस्था जवळजवळ असतील तर एकाचे उरलेले दुसऱ्याला कच्चा माल म्हणून चालते का हे पाहता येते. याचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण डेन्मार्कमधील कालुन्डबोर्ग येथील आहे. तेथे १९७२ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यातला जास्तीचा वायू शेजारच्या जिप्सम-बोर्डाच्या कारखान्याला मिळू लागला. पुढे वीजकेंद्राची वाफ औषधनिर्मिती उद्योगाला, त्या उद्योगातला गाळ शेतांना आणि वीजकेंद्राच्या धुरातून गंधक काढताना तयार होणारा जिप्सम पुन्हा बोर्डाच्या कारखान्याला, असे दुवे एकेक करून जुळत गेले. हे कोणी एका बैठकीत आखलेले नव्हते. प्रत्येक दुवा दोन शेजाऱ्यांच्या परस्परहितातून आणि ओळखीतून आला आणि त्या सर्वांना मिळून ‘सहजीवन’ हे नाव फार नंतर, १९८९ च्या सुमारास पडले.

नवख्याने यातून एवढे घ्यावे, की सुरुवातीलाच मोठे जाळे विणायला जाऊ नये. दोन संस्थांनी ‘आमच्याकडे काय उरते’ आणि ‘आम्हाला काय लागते’ अशा दोन याद्या एकमेकांना दाखवाव्यात आणि एका मालापुरता लेखी करार करावा. त्यात प्रमाण, गुणवत्ता, नकाराचा अधिकार आणि एकाचे उत्पादन बंद पडल्यास दुसऱ्याची पर्यायी सोय या गोष्टी असाव्यात. रसायने, तेले किंवा राख यांसारखा माल असेल तर कायद्याने त्याला घातक कचरा मानले आहे का, तो देण्याघेण्यासाठी परवाना लागतो का, याची चौकशी आधी करावी.

पायरी ६ : खरेदीच्या वेळी प्रश्न विचारणे

दुरुस्तीच्या आणि तपासणीच्या नोंदी हाताशी आल्या की खरेदी बदलता येते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही विद्युत वस्तूंवर १० पैकी दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे बंधनकारक झाले. ते देताना माहितीपुस्तिका मिळते का, वस्तू उघडणे किती सोपे आहे, सुटे भाग उपलब्ध आहेत का, त्यांची किंमत किती आणि त्या वस्तूपुरते काही खास निकष, असे पाच मुद्दे पाहिले जात. असा छापील गुणांक मिळत नसला तरी हेच प्रश्न कोणत्याही पुरवठादाराला विचारता येतात. शिवाय भाग स्क्रूने जोडलेले आहेत की डिंकाने, बॅटरी बदलता येते का आणि वेष्टन पुरवठादार परत नेईल का, हेही विचारावे. बांधकामातही हाच न्याय लागू होतो: चुन्यात बांधलेल्या भिंतीतल्या विटा सुट्या करून पुन्हा वापरता येतात, सिमेंटमध्ये बांधलेल्या बहुधा फुटतात. जोड कसा उघडणार याचा विचार जोडतानाच करावा लागतो.

पायरी ७ : मोजमाप आणि वाढीचा निर्णय

किती किलो गोळा केले हा आकडा सांगायला बरा वाटतो, पण तो दिशाभूल करतो. जास्त गोळा होणे म्हणजे कधी कधी जास्त खरेदी होणेच असते. त्याऐवजी तीन आकडे दर महिन्याला लिहावेत: माणशी एकूण कचरा किती झाला, गोळा केलेल्यापैकी घेणाऱ्याने नाकारलेले किती आणि पुनर्वापरामुळे कोणत्या नव्या वस्तूची खरेदी खरोखर टळली. तिसरा आकडा काढणे कठीण असते, तरी वस्तू नेणाऱ्याला ‘ही मिळाली नसती तर नवी घेतली असती का?’ असे विचारून त्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. कापडी पिशव्या वाटण्यापूर्वीही असाच हिशेब करावा. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ मधील अभ्यासानुसार, हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने सुती पिशवी पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला १३१ वेळा वापरावी लागते. घरात आधीच दहा पिशव्या पडून असताना अकरावी वाटणे म्हणजे कचऱ्यात भर घालणेच होय. मोठ्या संस्थांना औपचारिक चौकट हवी असेल तर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ५९००४ आणि ५९०२० ही मानके पाहावीत. त्यांतले दुसरे मोजमापासाठीच आहे.

शंभर टक्क्यांचे उद्दिष्ट मात्र लावून घेऊ नये. कामिकात्सुने २०२० पर्यंत कचरा शून्यावर आणायचे ठरवले होते. प्रत्यक्षात तेथे पुनर्प्रक्रियेचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवर स्थिरावले. उरलेल्यात डायपर आणि अनेक पदार्थ एकत्र जोडून केलेल्या वस्तू यांचा मोठा भाग आहे, आणि त्या वेगळ्या करणे वापरणाऱ्याच्या हातात नसते, बनवणाऱ्याच्या असते. आपल्याही नोंदींत अशा वस्तूंची वेगळी यादी ठेवावी आणि ती वर्षातून एकदा पुरवठादारांना आणि स्थानिक प्रशासनाला लेखी कळवावी.

दुसरा प्रवाह कधी घ्यावा, याचे माझे निकष कडक आहेत. पहिल्या प्रवाहात सलग तीन महिने नाकारलेला माल नगण्य असला पाहिजे, साठवणीची जागा ठरलेल्या मर्यादेपलीकडे एकदाही भरलेली नसावी, खर्च कोण उचलतो हे लेखी ठरलेले असावे आणि मुख्य माणूस पंधरा दिवस रजेवर गेला तरी काम चालले पाहिजे. यांपैकी एकही अट पुरी होत नसेल तर नवा डबा न आणता आहे त्याच प्रवाहावर आणखी एक तिमाही काम करावे. आणि घेणाऱ्याने माल नेणे थांबवले तर त्याच दिवशी संकलन थांबवून तसे सर्वांना कारणासह कळवावे, कारण साठून राहिलेल्या कागदाला आणि प्लास्टिकला आग लागण्याचा धोका असतो.